कागदावरच्या सात म्हशी

बेंबळीच्या मथुराबाईकडं म्हैस एक होती आणि तिचे फोटो सात होते. एवढं ध्यानात ठेवलं की पुढची गोष्ट समजायला अवघड नाही. अवघड गेली ती मथुराबाईलाच, आणि अजूनही जातेच आहे.

मथुराबाई पन्नाशीच्या आसपासची. नेमकं वय विचारलं तर ती नवऱ्याकडं बघते आणि नवरा पिराजी आधार कार्ड शोधायला उठतो. गावाच्या उगवतीला भीमनगर आहे, तिथं विहाराच्या मागं त्यांचं दोन खोल्यांचं घर. शेत म्हणाल तर वीस गुंठे, तेही असं खडकाळ की पेरलेलं बी वेचायला पाखरंसुद्धा येत नाहीत. त्यामुळं मथुराबाईचा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेला. थोरली पोरगी लग्न होऊन सोनारीकडं नांदते. धाकटी दीक्षा यंदा बारावी झाली, चांगल्या मार्कांनी, आणि तिला नर्स व्हायचं आहे. एवढा तिचा संसार.

चार वर्षांपूर्वी गावात एक कंपनी आली, बायकांना कर्ज देणारी. सातबारा नको, तारण नको, सोनंनाणं नको. सात बायकांनी मिळून गट करायचा, दर मंगळवारी सकाळी एका घरी जमायचं, हप्ता द्यायचा. एकीनं नाही दिला तर बाकीच्या सहा जणींनी भरायचा. म्हणजे तारण काय, तर शेजारणीची लाज. ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला खेड्यातल्या बायका चांगल्याच ठाऊक असणार.

गटाची प्रमुख दगडाबाई. गावातल्या शेतकरी घरातली, चार एकरांची मालकीण, आवाज असा की मंगळवारी बैठक सुरू झाल्याचं वेशीपर्यंत कळायचं. दगडाबाईची सासू हयात होती तोवर मथुराबाईला त्या घरी पाणी मिळायचं ते ओट्याखाली उभं राहून, ओंजळीत. आता गटाची बैठक दगडाबाईच्या अंगणात भरली की सगळ्या एकाच सतरंजीवर बसतात. कंपनीनं हे काही ठरवून केलं नव्हतं, पण झालं खरं. मथुराबाईला त्याचं बरं वाटायचं, आणि त्याच सतरंजीवर बसताना तिचं अंग अजून चोरलं जायचं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा होतात हे तिला कधी उमगलं नाही.

पहिल्या कर्जात तिला तीस हजार मिळाले. त्यात आईनं दिलेले चांदीचे वाळे मोडून तिनं भर घातली आणि बाजारातून चांद्री आणली. कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद म्हणून चांद्री. डावं शिंग वर वळलेलं आणि उजवं मात्र खाली गालाशी आलेलं. दिसायला बेढब, पण दुधाला नेक. खोड एकच, मथुराबाईच्या हाताशिवाय ती कुणाला पान्हा सोडायची नाही. ह्या खोडीपायी मथुराबाई चार वर्षांत एक रात्रही माहेरी राहिली नाही.

दूध सगळं डेअरीला जायचं, आणि डेअरीचा पैसा हप्त्याला. घरात चहा मात्र कोरा. दीक्षा लहान होती तेव्हा म्हैस नव्हती म्हणून कोरा चहा पीत होती, आता म्हैस होती म्हणून पीत होती. पिराजी एकदा म्हणाला होता की आपण म्हशीला पाळलंय का म्हशीनं आपल्याला, हे काही कळत नाही. मथुराबाईनं त्याला गप्प बसवलं, कारण तिलाही कळत नव्हतं.

आता फोटोंचं. जनावरासाठी कर्ज घेतलं की पंधरा दिवसांत त्या जनावराशेजारी उभं राहून फोटो द्यायचा, असा कंपनीचा नियम. फोटो काढायला कंपनीचा कृष्णराज नावाचा पोरगेलासा माणूस मोटारसायकलवरून यायचा, बायका त्याला सर म्हणायच्या. मथुराबाईचा फोटो खरा निघाला. पण गटातल्या दुसऱ्या बायकांना म्हैस नकोच होती. हर्षालीला घरावरचे पत्रे बदलायचे होते. पार्वतम्माची सून दवाखान्यात अडली होती. दगडाबाईची बोअरची मोटार जळली होती. आणि पत्र्यांना, बाळंतपणाला कर्ज मिळता मिळत नाही, म्हशीला मात्र लगेच मिळतं, असं कृष्णराज सर एकदा सहज बोलून गेला. सहज बोललेलं बायका विसरत नसतात. पुढच्या महिन्यात हर्षाली डोक्यावर पदर घेऊन चांद्रीशेजारी उभी राहिली. मग पार्वतम्मा, मग दगडाबाई, मग उरलेल्या तिघी.

दर फोटोला दावं नवं, झाड वेगळं, आणि कपाळावरच्या चांदाला तव्याची काजळी. शिंगाचं काही करता येत नव्हतं, ते कृष्णराज फोटोत येऊ द्यायचा नाही. त्याला सगळं कळत होतं. पण महिन्याला इतकी कर्जं वाटलीच पाहिजेत असा त्याला वरून हुकूम होता, आणि नोकरी त्यालाही हवी होती. तसं बघायला गेलं तर सगळ्यांची गरज खरी होती. खोटी होती ती फक्त म्हैस.

फोटोचा मोबदला म्हणून मथुराबाईनं कधी काही मागितलं नाही. पण फुकटात कुणाची म्हैस नेणं बरं दिसत नाही, म्हणून हर्षालीनं कडब्याच्या वीस पेंढ्या पाठवल्या आणि तोच भाव पडला. एका फोटोला वीस पेंढ्या. पुढं पाऊस दडी मारून बसला ते वर्ष आलं. कडब्याला सोन्याचा भाव आला, लोकांनी जनावरं मिळेल त्या किमतीला बाजारात लोटली. चांद्री मात्र फोटोंच्या कडब्यावर तगली. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण विसरलंही कुणी नाही.

यंदा सोयाबीन काढणीला आलं तसा दीक्षाचा नंबर धाराशिवच्या नर्सिंग कॉलेजात लागला. तीन वर्षांचा कोर्स, आणि सोमवारपर्यंत पंचेचाळीस हजार भरायचे. नाही भरले तर जागा दुसरीला. कंपनीचं नवीन कर्ज काढावं तर जुन्याचे चार हप्ते अजून फिटायचे होते. तेव्हा मथुराबाईनं एक रात्र विचार केला आणि सकाळी पिराजीला सांगितलं की चांद्री विकायची. पिराजी उठून चांद्रीला पाणी दाखवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

कर्नाटकाच्या हद्दीकडून जनावरं घ्यायला येणारा वीरप्पा नावाचा व्यापारी होता. त्यानं चांद्रीला फिरून बघितलं, शिंगावर हसला, आणि बावन्न हजारांवर तोड केली. पाचशे रुपये इसार हातावर ठेवला. शनिवारी सांजच्याला येईन, एक धार माझ्यासमोर काढायची, दूध सांगितलं तेवढं निघालं की रोख पैसे मोजून म्हैस नेईन, असं ठरलं. मथुराबाईनं पाचशेची नोट दीक्षाच्या दाखल्यांच्या पिशवीत ठेवली.

आणि गुरुवारी कृष्णराज सर घाम पुसत आला. कर्जामुळं गरिबांच्या घरातली गरिबी हटते का नाही, ह्याचा अभ्यास करायला पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतून एक ताई शनिवारी येणार होत्या. सातही घरं फिरणार, कर्जातून काय घेतलं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. सात म्हशी.

त्याच दुपारी दगडाबाई भीमनगरात आली. मथुराबाईच्या दारात ती आयुष्यात दुसऱ्यांदा आली असेल. बसली, पाणी प्याली, आणि म्हणाली की व्यापाऱ्याला पुढच्या आठवड्यात ये म्हणावं. मथुराबाईनं सोमवारचं सांगितलं. फी, जागा, सगळं सांगितलं. दगडाबाईनं ऐकून घेतलं.

"मथुरे, म्हैस तुजी हाय, म्या न्हाय म्हनत न्हाय. पर दुष्काळात ती कुनाच्या कडब्यावर जगली?"

मथुराबाईला राग आला. पण राग कुणावर धरावा हे कळेना, कारण दगडाबाई म्हणाली ते खोटं नव्हतं. चांद्री आपली आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्या क्षणी तिला असं वाटलं की आपण दुसऱ्याची वस्तू विकायला काढली आहे. शेवटी असं ठरलं की शनिवारी दिवसभर चांद्री गटाची, आणि सांज झाली की वीरप्पाची. मधल्या मध्ये ती मथुराबाईची कधी, हे ठरवायचं राहून गेलं.

शनिवारी दहा वाजता ती ताई आली. नाव गौरी, पाठीला पिशवी, हातात टॅब. यादीत पहिलं नाव दगडाबाईचं, शेवटचं मथुराबाईचं. एकेका घरी अर्धा-पाऊण तास प्रश्न चालायचे, तेवढ्या वेळात पिराजीनं मागच्या बोळातून चांद्री पुढच्या घरी न्यायची, असा बेत. आश्विनातलं ऊन तव्यासारखं तापलेलं. पिराजी बिचारा पहिल्यापासून भित्रा, एक काजळी पुसेल म्हणून आणि एक उशीर होईल म्हणून त्यानं म्हशीला वाटेत कुठं पाण्यावर नेलं नाही.

दगडाबाईच्या परसात गौरीनं म्हैस बघितली आणि लिहून घेतली. पार्वतम्माकडं बघितली, लिहून घेतली. हर्षालीकडं मात्र ती जरा थांबली. खाली वळलेल्या शिंगावरून हात फिरवला आणि विचारलं, इथल्या सगळ्याच म्हशींना असं शिंग असतं का. हर्षालीनं पापणी न हलवता सांगितलं की समद्या एकाच रेड्याच्या हायत्या. गौरीनं मग म्हशीचं कपाळ कुरवाळलं. बोटाला काळं लागलं. तिनं ते रुमालाला पुसलं आणि पुढचं विचारायला लागली.

चौथ्या घराला कुलूप निघालं. ती बाई सोयाबीनच्या मळणीला गेली होती, दुपारच्याला येणार होती. गौरी म्हणाली, मग मी शेवटचं नाव आधी उरकते, आणि कुणाला काही सुचायच्या आत ती भीमनगराच्या वाटेला लागलीसुद्धा. तिकडं पिराजी म्हैस घेऊन पाचव्या घराच्या मागं उभा, वाट बघत.

मथुराबाई गोठा झाडत होती. वीरप्पा यायचा म्हणून तिनं गव्हाण धुतली होती, खुंट्याजवळची जागा सारवली होती. मागं वळून बघते तर दारात टॅब घेतलेली पोरगी. खुंटा रिकामा. पाटीत ताजं शेण.

"मावशी, तुमची म्हैस कुठंय?" गौरीनं विचारलं.

चरायला गेली म्हणावं तर ही म्हणणार, चला बघून येऊ. दगडाबाईकडं नेली म्हणावं तर सगळ्यांचंच बिंग बाहेर. मथुराबाई आयुष्यात खोटं बोलायचं म्हणून खोटं फार कमी वेळा बोलली असेल, त्यामुळं तिला त्यातलं सोपं कुठलं आणि अवघड कुठलं हेही कळत नव्हतं.

"इकली," ती म्हणाली.

कधी, असं गौरीनं विचारलं. आजच. किती आले? अजून यायचेत. गौरीनं त्या रिकाम्या खुंट्याकडं बघितलं, पाटीतल्या शेणाकडं बघितलं, आणि म्हैस नाही असं लिहिलं. म्हणजे सातांतल्या ज्या एकाच घरी खरी म्हैस होती त्या घरी ती नव्हती अशी नोंद झाली.

मग घरात बसून पुढचे प्रश्न झाले. पत्रे कधी घातले. गॅस कधी आला. आजारपणाला पैसा कुठून उभा केला. मथुराबाईनं सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न आला. कर्ज घेतल्यापासून तुमची परिस्थिती सुधारली, होती तशीच राहिली, का बिघडली?

ह्या प्रश्नावर मथुराबाई अडली. सुधारली म्हणावं तर पत्रे आले होते, पिराजीचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, पोरगी बारावी झाली होती. पण ऑपरेशन दुसऱ्या कर्जातून झालं होतं आणि ते फेडताना ती पुन्हा दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात होती, म्हैस सांभाळून. बिघडली म्हणावं तर दगडाबाईच्या सतरंजीवर ती बसत होती, हाताशी फोन होता, बँकेत नाव होतं. होती तशीच म्हणावं, तर तसं काही उरलंच नव्हतं. आधी घरात पैसा नव्हता. आता यायचा, पण मंगळवारपलीकडं टिकायचा नाही. तिला वाटलं की हे कुणीतरी शहाण्या माणसानं आपल्याला समजावून सांगावं, आणि इथं शहाणं माणूस आपल्यालाच विचारायला आलंय.

ते एक राहू द्या, असं ती म्हणाली. गौरीनं राहू दिलं.

दुपारनंतर उरलेल्या तिन्ही घरी म्हैस वेळेवर हजर झाली. पाच वाजता गौरी गेली आणि साडेपाचला वीरप्पा आला, सोबत टेम्पो. चांद्री तेवढ्यात घरी पोचली होती. तोंडाला फेस, पायाला माती, डोळ्यांत कसलीशी भीती. मथुराबाईनं तिला पाणी पाजलं, अंगावर पाणी ओतलं, कपाळ धुऊन काढलं. पांढरा चांद वर आला. मग बादली घेऊन ती खाली बसली आणि सडाला हात लावला.

चांद्रीनं पान्हा चोरला. दिवसभर सहा घरच्या खुंट्यांना बांधून घेतलेलं जनावर, त्याला आता ह्याही खुंट्याचा भरवसा राहिला नव्हता. मथुराबाईनं आंबोण पुढं केलं, पाठ थोपटली, नावानं हाक मारली. बादलीच्या तळाशी वाटीभर दूध आलं आणि बंद झालं.

वीरप्पा माणूस वाईट नव्हता, पण व्यापारी होता. "अव्वा, म्हैस आटायला आली न्हवं," तो म्हणाला. "चौतीस देतो. त्याच्या वर न्हाय परवडत."

आज ती लई चालली, एवढंच मथुराबाई म्हणाली. दुभती म्हैस कशाला चालली, कुठं चालली, असं वीरप्पानं विचारलं. तिनं चांद्रीच्या कुशीला डोकं टेकवलं आणि तशीच बसून राहिली. रडू आलं ते तिनं थांबवलं नाही. सहा जणींची लाज राखता राखता आपण पोरीचं वाटोळं केलं, एवढं एकच तिला त्या दिवशी स्पष्ट दिसलं.

दीक्षा दारात उभी होती. ती रडली नाही, चिडली नाही. "राहू दे आई. पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली.

हे ऐकून पिराजीनं मान खाली घातली. पुढचं वर्ष म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. थोरलीच्या वेळीही पुढच्या वर्षी बघू असंच म्हणाले होते, आणि पुढच्या वर्षी तिच्या लग्नाचा मांडव पडला होता.

दगडाबाई तिथंच होती. दुपारी सगळं नीट पार पडलं हे सांगायला म्हणून ती आली होती आणि विहाराच्या वाटेवरच्या दगडावर बसून तिनं सगळं बघितलं होतं. ती उठली, वीरप्पाला म्हणाली घडीभर दम धर, चहा पिऊन ये. आणि गेली.

दिवेलागणीला सहाही जणी आल्या. हर्षालीच्या हातात कागदाची पुडी होती, तिचं नवं कर्ज कालच जमा झालं होतं, म्हशीच्याच नावानं. दगडाबाईनं सोयाबीनची उचल आणली होती. पार्वतम्मानं आठ हजारांतले पाच आणले होते, तीन उद्या देते म्हणाली, तेवढे दगडाबाईनं घातले. एकेकीचे आठ, मिळून अठ्ठेचाळीस हजार. दगडाबाईनं ते मथुराबाईच्या ओट्यावर ठेवले.

"म्हैस आमी घेतली," ती म्हणाली. "सहा जनींत. आता कुनी इचारलं तर छातीला हात लावून सांगू, म्हैस हाय म्हनून."

वीरप्पानं आपला इसार परत घेतला, बायकांच्या नादाला लागणं बरं नव्हं असं काहीसं कानडीत पुटपुटला, आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. म्हशीच्या नावानं काढलेलं हर्षालीचं कर्ज पहिल्यांदाच खरोखर म्हशीत पडलं.

मथुराबाईनं पैसे घेतले, पण त्या पैशांचं नाव काय, हे तिला समजेना. ही माया होती, का पश्चात्ताप होता, का पुढच्या फोटोंची सोय होती? दगडाबाईला विचारावं असं मनात आलं. पण दगडाबाई तेव्हा चांद्रीचं दावं सोडत होती आणि तिचं तोंड पलीकडं होतं. एक मात्र मथुराबाईला दिसलं, जाताना दगडाबाईनं चांद्रीला वाटेत थांबवलं आणि पोटभर पाणी पाजलं.

सोमवारी सकाळच्या एसटीनं दीक्षा धाराशिवला गेली. फी भरली, वसतिगृहात खाट मिळाली, तिनं फोन करून सांगितलं. पिराजीनं तिला दोनदा विचारलं की खिडकी आहे का खोलीला. आहे म्हणाली.

इकडं दगडाबाईच्या गोठ्यात चांद्री कुणालाच हात लावू देईना. दगडाबाईच्या सुनेला तिनं लाथ मारून बादली पालथी केली. हर्षाली आली, पार्वतम्मा आली, दोन दिवस सगळ्यांनी नशीब अजमावून बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाईचं बोलावणं आलं. तेव्हापासून मथुराबाई दोन्ही वेळा जाते, दगडाबाईच्या पुढच्या दारानं, घरातून, मागच्या गोठ्यात. धार काढायचा तिचा मेहनताना रोज अर्धा लिटर दूध. कधीकधी दगडाबाईची सून चहा देते, घरातल्याच कपात. सासू जिथं बसायची त्या ओट्यावरून आत जाताना मथुराबाईचा पाय अजून एकदा अडखळतो. म्हैस होती तेव्हा आपण ह्या दारातून आत आलो नव्हतो, आणि म्हैस गेल्यावर आलो, ह्याचा ती कधी कधी विचार करते आणि सोडून देते.

पुढच्या मंगळवारी कृष्णराज सर बैठकीला आला, पण तिच्याकडं बघेना. गौरीच्या नोंदीवरून कंपनीच्या दप्तरात तिच्या नावापुढं कर्जाचा गैरवापर असा शेरा पडला होता. जिनं म्हशीसाठी घेतलेले पैसे म्हशीतच घातले ती एकटीच कागदावर लबाड ठरली, आणि बाकीच्या सहा जणी कर्जदार म्हणून आदर्श. दगडाबाई ह्यावर सरांशी भांडायला उठली होती. मथुराबाईनंच तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. भांडून सांगणार काय होती ती?

पंधरा दिवसांनी गौरीचा फोन आला. सकाळची वेळ, मथुराबाई दगडाबाईच्या गोठ्यात चांद्रीखाली बसलेली, फोन खांदा आणि कान ह्यांच्यात धरून.

गौरी म्हणाली, "मावशी, सहा घरी म्हैस आहे आणि एकट्या तुमच्याकडं नाही. माझंच काहीतरी उलटं लिहून झालंय, असं मला राहून राहून वाटतंय. खरं सांगा, दुरुस्त करू का?"

मथुराबाईनं वर बघितलं. चांद्री रवंथ करत होती, वाकडं शिंग खाली, कपाळावर चांद लख्ख पांढरा. आता कुणी त्याला काजळी लावत नव्हतं.

"न्हाय बाई. बरूबर हाय तुमचं," ती म्हणाली. "सहा घरी हाय. आमच्यात न्हाय."

मग गौरीनं तो राहिलेला प्रश्न पुन्हा वाचला. सुधारली, तशीच, का बिघडली. एवढं एक भरल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही म्हणाली.

"तुमी परत कवा येनार?" मथुराबाईनं विचारलं.

परत येत नाही, एकदाच येतो, असं गौरी म्हणाली.

"मंग कसं कळंल तुमाला? तीन वर्सांनी या. पोरगी नर्स झाली का बगा, आन मंग तुमीच लिवा काय ते. मला इचारू नका, मला खरंच कळंना झालंय."

फोन बंद झाला. गौरीनं शेवटी कुठल्या चौकटीत खूण केली ते मथुराबाईला माहीत नाही, आणि आपल्यालाही नाही.

बादली भरली. तिनं आधी सहा घरांचं माप वेगळं केलं, मग आपलं अर्धा लिटर चरवीत ओतून ती भीमनगराकडं निघाली. घरी पिराजीनं चहा ठेवला होता, सवयीनं कोराच. मथुराबाईनं त्यात दूध घातलं. दोघांच्या चहाला घालून चरवी निम्मीच्या वर शिल्लक राहिली. चार वर्षं दारात म्हैस होती आणि पोरीनं घरात दुधाचा चहा प्याला नाही. आता म्हैस नाही, दूध उरतंय, आणि प्यायला पोरगी नाही.

पिराजीनं विचारलं, ह्याचं काय करायचं. मथुराबाईनं चरवी त्याच्याकडं सरकवली. मग म्हणाली, "दही लावा. रविवारी धाराशिवला जाऊ, तवा तिच्यासाठी न्यायचं."